‘आयडेंटिटी’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: इंग्रजी-मराठी कोशांत ‘आयडेंटिटी’ या नामापुढे ओळख, अस्मिता, एकरूपता, तादात्म्य, नित्यसमानता असे एकमेकांशी फारसे नाते नसलेले शब्द मांडलेले असतात, त्यांपैकी कोणता केव्हा घ्यावा, आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘तेच असणे’ हा असेल, तर आज तो नेमका ‘इतरांहून वेगळे असणे’ या अर्थाने कसा वापरला जातो? प्रश्नासोबत स्थलांतरितांविषयीच्या एका लेखातले वाक्यही दिले आहे, ज्यात हा शब्द दोनदा येतो: ‘द पोलीस कुड नॉट एस्टॅब्लिश हिज आयडेंटिटी, अँड ही हिमसेल्फ हॅड लॉस्ट एनी सेन्स ऑफ आयडेंटिटी.’ अनुवाद आणि संपादन हे माझे बरीच वर्षे चाललेले काम असल्याने हा शब्द न्यायालयीन कागदांपासून गणिताच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे भेटत आला आहे. कोशातली यादी चुकीची नाही. पण ती यादी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणाने तयार झाली हे कळल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही.

‘आयडेंटिटी’चे मूळ लॅटिनमधील ‘ईदेम’ या सर्वनामात आहे. ‘ईदेम’ म्हणजे ‘तोच’ किंवा ‘तेच’. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यापासून ‘इदेन्तितास’ हे भाववाचक नाम घडले आणि फ्रेंचच्या वाटेने ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आले. इंग्रजीत ‘सेम’ हा जुना शब्द तेव्हाही होता, परंतु त्यात एक संदिग्धता आहे, जी मराठी भाषकाला एरवी जाणवत नाही, कारण आपल्याकडे ‘तोच’ आणि ‘तसाच’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या हातात माझ्या हरवलेल्या छत्रीसारखी छत्री असेल तर ती ‘तशीच’ आहे. बसमध्ये राहिलेली माझीच छत्री तुमच्या हाती आली असेल तर ती ‘तीच’ आहे. इंग्रजीत दोन्ही प्रसंगी ‘द सेम अम्ब्रेला’ असे म्हणता येते. ‘आयडेंटिटी’ या नामाने प्रामुख्याने ‘तीच’ची बाजू घेतली. त्याचे भावंड असलेले ‘आयडेंटिकल’ हे विशेषण मात्र दोन्हींकडे फिरते: ‘आयडेंटिकल ट्विन्स’ ही तशीच दिसणारी मुले असतात, तीच नसतात. नाम आणि विशेषण यांच्या अर्थांत पडलेले हे अंतर लक्षात न घेता ‘आयडेंटिटी’ला सरसकट ‘सारखेपणा’ म्हटले की पुढचे सगळे गणित बिघडते.

आता ‘तेच असणे’ यातून ‘वेगळे असणे’ कसे निघाले? काल पाहिलेला माणूस आणि आज समोर उभा असलेला माणूस एकच आहे असे म्हणायचे असेल, तर त्याच्याजवळ असे काहीतरी असावे लागते जे दुसऱ्या कोणाजवळ नाही. व्रण, आवाज, सही, बोटांचे ठसे, आईबापांचे नाव, आठवणी, यांपैकी काहीही. म्हणजे एका व्यक्तीचे काळाच्या ओघात ‘तीच’ राहणे सिद्ध करण्यासाठी इतरांहून तिचे वेगळेपण पुढे करावे लागते. शब्दाचा रोख त्यामुळे हळूहळू सिद्ध करायच्या गोष्टीवरून ती सिद्ध करणाऱ्या खुणांवर आणि तिथून त्या खुणा बाळगणाऱ्या माणसावर सरकला. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1694 मध्ये मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत या विषयावर एक नवे प्रकरण घातले. एखाद्या राजपुत्राचा आत्मा आपल्या सगळ्या आठवणींसह चांभाराच्या देहात शिरला तर तो माणूस कोण, असे त्याने तिथे विचारले आणि उत्तर दिले की देह चांभाराचा असला तरी व्यक्ती राजपुत्रच, कारण पूर्वीच्या कृत्यांची जाणीव आणि म्हणून त्यांची जबाबदारीही त्याच्याकडे आहे. परकायाप्रवेशाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे उदाहरण नवे वाटणार नाही. लॉकचे वैशिष्ट्य हे की तो हा प्रश्न शिक्षा आणि बक्षीस यांच्याशी, म्हणजे कायद्याशी जोडतो. ‘व्यक्ती’ ही त्याच्या लेखी न्यायनिवाड्याच्या क्षेत्रातली संज्ञा होती.

माझ्या अनुभवात या शब्दाचा अर्थ लावण्याची एकच भरवशाची किल्ली आहे, ती म्हणजे वाक्यात ‘तोच’पणाचा पडताळा कोण घेत आहे हे पाहणे. पडताळा दुसरा कोणी घेत असेल, म्हणजे पोलीस, बँक, न्यायालय किंवा दारावरचा रखवालदार, तर तो एक अर्थ. पडताळा माणूस स्वतःच स्वतःचा घेत असेल तर तो दुसरा. समूह घेत असेल तर तिसरा. आणि पडताळ्याची गरजच नसेल, गोष्ट व्याख्येनेच तशी असेल, तर आपण तर्कशास्त्रात किंवा गणितात आहोत.

पहिला अर्थ सर्वांत जुना नाही, पण रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त भेटणारा आहे. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या कलम 9 मध्ये, ज्या वस्तूची किंवा व्यक्तीची आयडेंटिटी प्रकरणाशी संबद्ध आहे ती प्रस्थापित करणारी तथ्ये सुसंगत मानली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम 7 मध्ये आहे. तिथे वस्तूचाही उल्लेख आहे हे महत्त्वाचे. पंचनाम्यात जप्त केलेला कोयता आणि न्यायालयात हजर केलेला कोयता एकच आहे हे दाखवणे, हा त्या कोयत्याच्या ‘आयडेंटिटी’चा प्रश्न आहे. कोयत्याला व्यक्तिमत्त्व नसते आणि अस्मिताही नसते, तेव्हा तिथे ‘तोच असल्याची निश्चिती’ एवढाच अर्थ उरतो. 1872 च्या कायद्याच्या हिंदी पाठात यासाठी ‘अनन्यता’ हा शब्द आहे, म्हणजे ‘अन्य नसणे’, आणि अर्थाच्या दृष्टीने तो अचूक आहे. परंतु मराठी वाचकाच्या कानात ‘अनन्य’ हा शब्द ‘अनन्य भक्ती’, ‘अनन्यसाधारण’ अशा रूपांत बसलेला असल्याने तो तसाच उचलू नये. साक्षीदाराने संशयिताला अनेकांमधून ओळखून काढण्याच्या प्रक्रियेला ब्रिटिश इंग्रजीत ‘आयडेंटिटी परेड’, अमेरिकेत ‘लाइनअप’ आणि आपल्या न्यायालयीन इंग्रजीत ‘टेस्ट आयडेंटिफिकेशन परेड’ म्हणतात. मराठीत पोलीस आणि पत्रकार दोघेही ‘ओळखपरेड’ म्हणतात आणि त्यात बदल करण्याचे काही कारण नाही.

इथेच ‘आयडेंटिटी’ आणि ‘आयडेंटिफिकेशन’ यांतला भेदही पाहून घ्यावा. आयडेंटिफिकेशन ही कृती आहे, ओळख पटवण्याची. आयडेंटिटी ही त्या कृतीने जे निश्चित होते ती गोष्ट आहे. सरकारी नावांत मात्र हा भेद काटेकोर पाळलेला दिसत नाही. निवडणूक आयोगाच्या मतदार ओळखपत्राचे, जे 1993 पासून सुरू झाले, इंग्रजी नाव ‘इलेक्टर्स फोटो आयडेंटिटी कार्ड’ असे आहे, तर आधार देणाऱ्या संस्थेच्या नावात ‘युनिक आयडेंटिफिकेशन’ आहे. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रे दोन्हींसाठी ‘ओळख’ हाच शब्द वापरत आली आहेत आणि कोणाचाही गोंधळ झालेला नाही. ‘ओळखपत्र’, ‘ओळखीचा पुरावा’, ‘ओळख पटवणे’, ‘ओळख पटली नाही’, ‘ओळख लपवणे’ हे प्रयोग पूर्ण रुळलेले आहेत. अनुवादकाने अशा जागी नवीन काही घडवायला जाऊ नये.

एका जागी मात्र सावध राहावे लागते. ‘आयडेंटिटी’ म्हणजे नाव नव्हे. ‘हर आयडेंटिटी वॉज नॉट डिस्क्लोज्ड’ याचे ‘तिचे नाव जाहीर केले नाही’ असे भाषांतर सर्रास होते आणि कायद्याच्या संदर्भात ते अपुरे असते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्यातले कलम 23 पाहा: माध्यमांनी बालकाची ओळख उघड करू नये असे सांगताना तिथे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर आणि ओळख उघड होऊ शकेल असा इतर कोणताही तपशील, असे सगळे येते. नाव बदलले, पण गाव, वडिलांचा व्यवसाय आणि इयत्ता छापली, तर नाव न घेताही ओळख उघड झालीच. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात 2008 च्या दुरुस्तीने आलेले कलम 66 सी ‘आयडेंटिटी थेफ्ट’बद्दल आहे आणि त्यातही दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा अन्य विशिष्ट ओळखचिन्ह कपटाने वापरणे हा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ‘ओळखचोरी’ हा जोडशब्द वृत्तपत्रांनी स्वीकारला आहे, तो चालेल. सर्वसामान्य वाचकासाठी ‘दुसऱ्याच्या नावावर वावरणे’ किंवा जुना ‘तोतयेगिरी’ हा शब्द अधिक बोलका आहे. सदाशिवरावभाऊंचा तोतया माहीत असलेल्या समाजाला हा गुन्हा काय असतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

‘ओळख’ या मराठी शब्दाची स्वतःची एक चाल आहे, तिचाही विचार करावा लागतो. मराठीत ओळख ही मुळात दोघांमधली गोष्ट आहे. ‘त्यांची माझी ओळख आहे’, ‘ओळख करून द्या’, ‘ओळख ठेवा’, ‘ओळखीने काम झाले’, ‘रस्त्यात भेटला पण ओळख दाखवली नाही’, या सगळ्यांत समोर दुसरा माणूस आहे. इंग्रजी ‘आयडेंटिटी’ला हा परिचयाचा अर्थ मुळीच नाही. म्हणून ‘ही हॅज नो आयडेंटिटी इन द सिटी’ याचे ‘शहरात त्याची ओळख नाही’ असे केले, तर वाचक ‘त्याला शहरात कोणी ओळखीचे नाही’ असे समजेल, आणि त्याची काही चूक नसेल. ‘शहरात त्याला कोणी म्हणून स्थान नाही’ असे काहीतरी तिथे करावे लागेल.

दुसरा अर्थ, माणसाने स्वतःच स्वतःचा घेतलेला पडताळा, हा विसाव्या शतकाच्या मध्यावर फोफावला आणि त्याचे बरेचसे श्रेय एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाला जाते. फ्रँकफर्टमध्ये 1902 साली जन्मलेला हा मुलगा सावत्र वडिलांच्या ‘होमबुर्गर’ या आडनावाने वाढला आणि अमेरिकेचा नागरिक होताना 1939 मध्ये त्याने ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वतः घेतले. ज्याने पुढे ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्दप्रयोग जगभर पोचवला, त्याच्या चरित्रातला हा तपशील नजरेआड करता येण्यासारखा नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना हा प्रयोग त्याच्या वापरात आला. त्या सैनिकांना आपले नाव, गाव, पलटण ठाऊक होती. कागदोपत्री त्यांची ओळख शाबूत होती. हरवले होते ते ‘मी पूर्वीचाच मी आहे’ हे आतले सातत्य. म्हणजे ‘ईदेम’, तोच, हा मूळ धागा इथेही तुटलेला नाही, फक्त पडताळा घेणारा बदलला आहे. पुढे एरिक्सनने ही कल्पना पौगंडावस्थेला लावली, आणि आज चाळिशीतल्या माणसापासून कंपनीपर्यंत कोणालाही आयडेंटिटी क्रायसिस होऊ शकतो, इतका तो प्रयोग सैल झाला आहे. कंपनीच्या बाबतीत तो मला अतिशयोक्त वाटतो.

या अर्थासाठी मराठीत ‘स्वत्व’, ‘आत्मभान’, ‘स्व-ओळख’, ‘मीपण’ हे शब्द प्रसंगानुसार येतात. ‘स्वत्व’ हा जुना आणि वजनदार आहे, ‘स्वत्व गमावणे’, ‘स्वत्व जपणे’ असा तो सहज बसतो. पण त्यात स्वाभिमानाची छटा आहे. ‘मीपण’ संतवाङ्मयामुळे अहंकाराकडे झुकलेले आहे, तेव्हा जपून. ‘अस्तित्व’ हा शब्द लोक वापरतात, पण ‘अस्तित्वाचा शोध’ म्हणजे आपण आहोत की नाही याचा शोध नव्हे, हे वाक्यातून स्पष्ट झाले पाहिजे. मी स्वतः अशा जागी नाम शोधण्याऐवजी ‘कोण’ या सर्वनामाकडे वळतो. इंग्रजीला भाववाचक नामे पेलतात. मराठी वाक्य क्रियापदावर आणि सर्वनामांवर अधिक सहज चालते. विचारलेल्या वाक्याचे मी असे करीन: ‘तो कोण, हे पोलिसांना निश्चित करता आले नाही, आणि आपण कोण, याचे भान त्याला स्वतःलाही उरले नव्हते.’ मूळ वाक्याची गंमत एकच शब्द दोन अर्थांनी येण्यात आहे. ‘कोण’ दोनदा आल्याने तीही राहते. ‘ओळख’ दोनदा घातली असती तर दुसऱ्या जागी वाक्य लुळे पडले असते, आणि एकदा ‘ओळख’ व एकदा ‘अस्मिता’ घातली असती तर लेखकाने जाणूनबुजून केलेली पुनरावृत्ती गेली असती.

पहिला आणि दुसरा अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा खरे वाद होतात. इंग्लंडमध्ये युद्धकाळात, 1939 मध्ये, प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र दिले गेले. युद्ध संपल्यावरही पोलीस ते मागत राहिले, 1950 मध्ये एका मोटारचालकाने ते दाखवण्यास नकार दिला, त्याचा खटला गाजला आणि 1952 मध्ये ती पद्धतच बंद झाली. पुन्हा 2006 मध्ये ओळखपत्रांचा कायदा झाला आणि 2010 मध्ये तो रद्द झाला. इंग्रजी मजकुरात ‘आयडेंटिटी कार्ड’ या शब्दांभोवती जो विरोधाचा सूर ऐकू येतो तो या इतिहासातून येतो. आपल्याकडे ओळखपत्र हे बहुधा हक्काचे साधन, रेशन, मत, पेन्शन मिळवून देणारा कागद, म्हणून पाहिले जाते. दुसरे उदाहरण आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2014 च्या निकालात न्यायालयाने ‘जेंडर आयडेंटिटी’ ही व्यक्तीने स्वतः ठरवण्याची गोष्ट मानली. पडताळा कोणी घ्यायचा, वैद्यकीय तपासणीने की व्यक्तीच्या स्वतःच्या जाणिवेने, हाच तिथला मुख्य प्रश्न होता. मराठीत यासाठी ‘लिंगभाव ओळख’ हा शब्द कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी रुळवला आहे. ‘लैंगिक ओळख’ हा शब्दही दिसतो, परंतु त्यातून लैंगिक आकर्षणाचा अर्थ निघू शकतो आणि तो वेगळा विषय आहे.

तिसरा अर्थ समूहाचा, आणि इथे ‘अस्मिता’ येते. ‘कल्चरल आयडेंटिटी’, ‘रीजनल आयडेंटिटी’, ‘लिंग्विस्टिक आयडेंटिटी’ यांसाठी ‘सांस्कृतिक अस्मिता’, ‘प्रादेशिक अस्मिता’, ‘भाषिक अस्मिता’ हे शब्द संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनंतरच्या राजकीय मराठीत इतके मुरले आहेत की ते भाषांतरित वाटत नाहीत. तरीही एक फरक आहे. इंग्रजी शब्द वर्णन करतो. मराठी ‘अस्मिता’ चटकन दुखावली जाते. ‘अस्मितेला धक्का’, ‘अस्मितेचा प्रश्न’, ‘अस्मिता डिवचणे’, ही तिची नेहमीची सोबत आहे. एखादा समाजशास्त्रज्ञ लंडनमधल्या तिसऱ्या पिढीतल्या मराठी मुलांच्या ‘आयडेंटिटी’बद्दल लिहीत असेल, म्हणजे ती मुले घरी कोणती भाषा बोलतात, सण कोणते पाळतात, स्वतःला ब्रिटिश म्हणवतात की भारतीय, तर त्याला ‘अस्मिता’ म्हटल्याने शांत निरीक्षणाचे घोषणेत रूपांतर होते. तिथे ‘सांस्कृतिक ओळख’ पुरे.

योगसूत्रे वाचलेल्यांना ‘अस्मिता’ आणखी वेगळ्या कारणाने खटकेल. पतंजलींच्या सूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश आहेत, आणि दुसऱ्या पादातील सहाव्या सूत्रात अस्मितेची व्याख्या ‘दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता’ अशी आहे: पाहणारा आणि पाहण्याची शक्ती ही दोन असून जणू एकच आहेत असे वाटणे. म्हणजे जी गोष्ट योगशास्त्रात खोट्या ऐक्याचा भास म्हणून टाकून द्यायची होती, तिचेच नाव आपण जपण्याच्या गोष्टीला दिले. शब्द असे उलटतात, त्याला इलाज नाही. ‘अस्मिता’ आता परत घेता येणार नाही, आणि घेण्याची गरजही नाही. गोव्यात हाच शब्द कोकणी रूपात आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला आणि विलीनीकरणाच्या विरुद्ध निकाल लागला. तो दिवस तिथे ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो. गोव्याविषयीच्या इंग्रजी लेखात ‘गोवन आयडेंटिटी’ आढळली आणि संदर्भ या दिवसाचा असेल, तर ‘अस्मिता’ हाच योग्य शब्द, कारण मूळ बोलणाऱ्यांनी तोच निवडला आहे.

‘आयडेंटिटी पॉलिटिक्स’ या प्रयोगाचा उगम बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. बॉस्टनमधील कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या ‘कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’ या गटाने 1977 च्या आपल्या निवेदनात तो वापरला, आणि तिथे त्याचा अर्थ होता की आपल्यावर होणाऱ्या अन्यायाच्या अनुभवातून, म्हणजे आपण जे कोणी आहोत तिथूनच, आपले राजकारण उभे राहावे. आज विरोधक तो शब्द आरोप म्हणून वापरतात. त्यामुळे ‘अस्मितेचे राजकारण’ हे भाषांतर आजच्या आरोपाला चपखल बसते, पण 1977 च्या निवेदनाला बसत नाही. तिथे ‘स्व-ओळखीवर आधारलेले राजकारण’ असे लांब लिहिलेले बरे.

तर्कशास्त्र, वेदान्त आणि गणित यांतला अर्थ सर्वांत जुना, आणि नेमका तिथेच नवशिके अनुवादक अडखळतात. ‘द आयडेंटिटी ऑफ आत्मन अँड ब्रह्मन’ याचे ‘आत्मा आणि ब्रह्म यांची ओळख’ असे झालेले मी छापील पुस्तकात पाहिले आहे. त्यामुळे अद्वैताचा गाभाच नाहीसा झाला आणि आत्मा व ब्रह्म एकमेकांना नुकतेच भेटल्यासारखे झाले. तिथे ‘ऐक्य’ किंवा ‘अभेद’ हवे. परंपरेत ‘जीवब्रह्मैक्य’ हा तयार शब्दच आहे. ‘आयडेंटिटी ऑफ इंटरेस्ट्स’ हेही याच जातीचे, म्हणजे हितसंबंध एकच असणे. आधुनिक तर्कशास्त्रात गोटलोब फ्रेग या जर्मन विद्वानाने 1892 मध्ये प्रश्न घातला: पहाटेचा तारा आणि सायंतारा दोन्ही शुक्रच असतील, तर ‘पहाटेचा तारा म्हणजे सायंतारा’ या वाक्याने आपल्याला नवीन माहिती का मिळते, आणि ‘सायंतारा म्हणजे सायंतारा’ याने का मिळत नाही? मराठीत पहाटे दिसो वा संध्याकाळी, आपण तिला शुक्राची चांदणीच म्हणतो, तेव्हा हे उदाहरण समजावताना दोन नावे मुद्दाम वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर कोडे उमटतच नाही.

गणिताबद्दल थोडक्यात. चलांच्या सर्व किमतींसाठी जी समानता खरी असते, उदाहरणार्थ ए अधिक बी यांच्या वर्गाचे विस्तारसूत्र, तिला इंग्रजीत ‘आयडेंटिटी’ आणि मराठी पाठ्यपुस्तकांत ‘नित्यसमानता’ म्हणतात; दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीय नित्यसमानता येतात. ‘आयडेंटिटी एलिमेंट’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे: बेरजेत शून्य आणि गुणाकारात एक, ज्यांच्याशी क्रिया केली तरी संख्या तीच राहते. तिचा मराठी शब्द ‘अविकारक’ हा मला इंग्रजीहून सरस वाटतो, कारण संख्येत विकार न घडवणारा, हे काम त्याच्या नावातच सांगितलेले आहे.

वाक्यरचना पाहूनही अर्थ बराचसा कळतो. एस्टॅब्लिश, व्हेरिफाय, कन्फर्म, रिव्हील, कन्सील, प्रोटेक्ट ही क्रियापदे आली की पहिला, पडताळणीचा अर्थ; लूज, सर्च फॉर, फोर्ज, प्रिझर्व्ह, अफर्म ही आली की दुसरा किंवा तिसरा. नामाआधी ‘सेन्स ऑफ’ आले की दुसराच, आणि तेव्हा नाम बहुधा उपपदाविना, अगणनीय असते. पहिल्या अर्थाने ते गणनीय असते. अनेक मृतांबद्दल बोलताना ‘देअर आयडेंटिटीज’ असे अनेकवचन होते, ज्याचे मराठीत ‘त्यांच्या ओळखी’ करता येत नाही, कारण ‘ओळखी’ म्हणजे आपल्या वशिल्याच्या ओळखी. ‘त्यांची ओळख पटली’ हे एकवचनच ठेवावे. ‘विथ’ किंवा ‘बिटवीन’ आले तर एकत्वाचा अर्थ, आणि ‘ॲज’ आले, ‘हर आयडेंटिटी ॲज अ डॉक्टर’, तर भूमिकेचा: ‘डॉक्टर म्हणून तिची असलेली ओळख’. क्रियापदातही हाच खेळ चालतो. ‘आयडेंटिफाय’ म्हणजे ओळखणे. ‘आयडेंटिफाय ॲज’ म्हणजे स्वतःला अमुक मानणे. ‘आयडेंटिफाय विथ’ म्हणजे एखाद्याशी समरस होणे. साहित्यविचारात या शेवटच्याला ‘तादात्म्य’ म्हणतात, आणि न. चिं. केळकरांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना, म्हणजे वाचक पात्राशी एकरूप होतो पण आपले वेगळे भान पूर्णपणे सोडत नाही, हा ‘आयडेंटिफिकेशन’ या इंग्रजी समीक्षेतील संज्ञेचा मराठीत झालेला सर्वांत बारीक विचार आहे असे माझे मत आहे.

‘आयडी’ या संक्षेपाला आता स्वतंत्र शब्द मानावे. इंग्रजीत तो ‘आयडेंटिफिकेशन’ किंवा ‘आयडेंटिटी’चा संक्षेप म्हणून सुरू झाला, पुढे क्रियापदही झाला. मराठी बोलण्यात आयडी म्हणजे ओळखपत्र, आणि ‘मेल आयडी’ म्हणजे ई-मेलचा पत्ता. हा दुसरा अर्थ भारतीय इंग्रजीचा आहे, ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचक तिथे ‘ॲड्रेस’ म्हणेल. मराठी संवादात ‘आयडी’ तसाच ठेवावा. ‘ब्रँड आयडेंटिटी’, ‘कॉर्पोरेट आयडेंटिटी’ हे जाहिरातक्षेत्रातले शब्द बोधचिन्ह, रंग, अक्षरवळण यांच्या एकत्रित ठेवणीबद्दल असतात. ‘ओळख’ किंवा प्रसंगी ‘दृश्य ओळख’ चालते.

राहता राहिला एक वापर, जो बहुतेक कोशांत शेवटी असतो आणि म्हणून नजरेतून सुटतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या इंग्रजीत ‘आयडेंटिटी’ म्हणजे प्रसिद्ध व्यक्ती: ‘अ वेल-नोन लोकल आयडेंटिटी’ म्हणजे गावातली नामांकित असामी. इथे ‘ओळख’ किंवा ‘अस्मिता’ घातली तर वाक्य निरर्थक होईल. ‘असामी’ हा आपला जुना शब्द हुबेहूब बसतो. तिकडच्या वृत्तपत्रांत ‘कलरफुल रेसिंग आयडेंटिटी’ असा एक ठरीव प्रयोगही आहे, जो घोड्यांच्या शर्यतींशी संबंधित आणि गैरव्यवहारांबद्दल कुजबुज असलेल्या माणसासाठी, बदनामीचा दावा टाळून, वापरला जातो. ‘रंगेल’ हे त्याचे भाषांतर चुकीचे ठरेल. ‘रेसच्या वर्तुळातील बहुचर्चित असामी’ एवढेच लिहावे. ‘संशयित’ हा शब्द मूळ बातमीत नसतो, तो मराठीतही आणू नये.